गुणोत्तर कोण निवडणार?

एकक बदलून देणारी सोय प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आली तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: एककांचं रूपांतर शिकवण्यात शाळेचा वेळ कशाला घालवायचा? त्याला लगेच दुसरा वाद येऊन चिकटतो. गुंठा, तोळा, ब्रास, इंच ही जुनी मापं कायमची बंद करा, सगळं मेट्रिक झालं की रूपांतराची गरजच उरणार नाही, असं एका बाजूचं म्हणणं. ही आपली मापं आहेत, ती का सोडायची, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. एका मापातून दुसऱ्या मापात जाताना तीन कामं असतात: योग्य गुणोत्तर ओळखायचं, ते एककासकट मांडायचं आणि मग गुणाकार-भागाकार करायचा. तिसरं काम खुशाल यंत्रावर सोडावं. पहिली दोन यंत्रावर सोडता येत नाहीत. म्हणून ती शाळेत नीट शिकवली पाहिजेत, आणि सातबाऱ्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत प्रत्येक कागदावर ती डोळ्यांना दिसली पाहिजेत.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधीच मान्य करतो. आपण रूपांतर ज्या पद्धतीने शिकवतो ती पद्धत वाईट आहे. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली अशी उतरंड पाठ करून ‘३ डेकामीटर ४ डेसीमीटर म्हणजे किती सेंटीमीटर’ असली गणितं मुलं वर्षानुवर्षं सोडवतात. डेकामीटरमध्ये कोणी कापड मोजत नाही, हेक्टोग्रॅममध्ये कोणी साखर घेत नाही. दशांश चिन्ह डावीकडे सरकवायचं की उजवीकडे, एवढंच यातून मूल शिकतं, आणि परीक्षा झाली की तेही विसरतं. हा भाग उद्या अभ्यासक्रमातून गेला तर मला वाईट वाटणार नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे, ही पाठांतरंही परत आणावीत असं मी म्हणत नाही. शेर-मण आणि रुपये-आणे-पै यांच्या व्यवहारात तोंडी हिशेब करणाऱ्याला त्यांचा उपयोग होता. साडेतीनपट आज मोबाईल करून देतो. पण साडेतीनपटच का करायची, अडीचपट का नाही, हे कोण सांगणार?

२३ जुलै १९८३ या दिवशी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून टाकीतली पातळी पट्टीने मोजून हिशेब हाताने केला गेला. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होतं आणि प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. हिशेब करणाऱ्यांनी ७,६८२ ला १.७७ ने गुणलं, उत्तर आलं १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केलं, उरले ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागलं आणि ४,९१७ लिटर इंधन भरायला सांगितलं. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर. फक्त १.७७ हा आकडा एका लिटरचं वजन पौंडात सांगणारा होता. किलोत ते सुमारे ०.८०३ भरतं. म्हणजे टाकीत प्रत्यक्षात ६,१६९ किलोच होते आणि भरायला हवे होते २०,०८८ लिटर. ओटावाला पातळी पुन्हा मोजली गेली, पुन्हा तोच १.७७ वापरला गेला आणि पुन्हा सगळं जुळलं. ४१,००० फुटांवर उडताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली. वैमानिकांनी ते विमान इंजिनाशिवाय तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि आतली ६९ माणसं वाचली, हे त्यांचं कौशल्य. ताज्यातलं ताजं गणकयंत्र त्यांच्या हातात दिलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ एवढे तीन शब्द लिहिलेले असते आणि ते गुणाकारात सोबत ठेवले असते, तर १३,५९७ च्या पुढे पौंड आले असते आणि किलोतून पौंड वजा होत नाहीत हे तिथेच दिसलं असतं.

हीच ती पद्धत. आकडा एकट्याने फिरू द्यायचा नाही. २,४०० चौरस फुटांचा प्लॉट किती गुंठे? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हे गुणोत्तर दोन प्रकारे मांडता येतं: ‘१ गुंठा भागिले १,०८९ चौ. फूट’ किंवा ‘१,०८९ चौ. फूट भागिले १ गुंठा’. दोन्हींची किंमत एकच, कारण वरखाली सारखीच जमीन आहे. आपल्याकडचे चौरस फूट उडून गुंठे उरावेत यासाठी चौरस फूट खाली असलेला अपूर्णांक घ्यायचा. २,४०० भागिले १,०८९, म्हणजे २.२ गुंठे. चुकून उलटा अपूर्णांक घेतला तर शेवटी ‘चौरस फुटांचा वर्ग प्रति गुंठा’ असलं काहीतरी उरतं, आणि ते पाहून सहावीतल्या मुलालाही थांबावंसं वाटेल. आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांची लीलावती (११५०) सुरूच होते ती परिभाषांनी: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. पुढे त्रैराशिकात, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीत, प्रमाण (दिलेली राशी) आणि इच्छा (जिच्याबद्दल विचारलं ती राशी) या दोन राशी एकाच जातीच्या असल्या पाहिजेत अशी स्पष्ट अट आहे. ‘एकाच जातीच्या’ ही अट म्हणजेच एकक सांभाळण्याची शिस्त. आपण त्रैराशिक शिकवत राहिलो आणि ती अट गाळून टाकली.

पाठ किती करायचं, या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. फूट-इंचांच्या घरातली सगळी मापं एकाच अचूक गुणोत्तरातून निघतात: १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. हे अंदाजे नाही, १९५९ पासून ठरवून दिलेलं पूर्ण मूल्य आहे. बारा इंचांचा फूट, म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर. ०.३०४८ चा वर्ग केला की एक चौरस फूट म्हणजे ०.०९२९ चौरस मीटर. त्याला १,०८९ ने गुणलं की गुंठा, १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४,०४६.८६ चौरस मीटर. वर्गाऐवजी घन केला की एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. शंभर घनफुटांचा ब्रास, २.८३ घनमीटर. सेकंदाला एक घनफूट वाहिलं की एक क्युसेक. शंभर कोटी घनफूट साठले की एक टीएमसी. नांगराच्या तासापासून कोयना धरणापर्यंतचा हा सगळा पसारा एका २.५४ वर उभा आहे. हे फळ्यावर एका तासात मांडून दाखवता येतं, आणि एकदा स्वतः मांडलेलं मूल कोष्टक विसरलं तरी ते पुन्हा उभं करू शकतं.

वर्ग आणि घन हीच रूपांतरात सर्वांत जास्त चुका होण्याची जागा. मीटर ते फूट ३.२८ हे पुष्कळांना पाठ असतं, म्हणून ६० चौरस मीटरच्या सदनिकेलाही ३.२८ नेच गुणलं जातं आणि १९७ चौरस फूट येतात. गुणायचं असतं १०.७६४ ने, म्हणजे ६४६. इथे उत्तर इतकं विचित्र आहे की चूक पकडली जाते. पाण्याच्या टाकीत ती पकडली जात नाही. ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल टाकी ८० घनफुटांची, म्हणजे २,२६५ लिटरची. पण कुठलं गुणोत्तर लांबीचं आणि कुठलं घनफळाचं याचा घोळ झाला, तर कमी-जास्त कुठलाही आकडा खरा वाटतो, कारण हजार-दोन हजार लिटर डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत.

आता सातबारा घ्या. कागदावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं. गावात बोलणं एकर-गुंठ्यांत होतं. ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ हा सर्रास चालणारा नियम आहे आणि रोजच्या बोलण्यापुरता तो ठीकही आहे, कारण फरक सव्वा टक्क्याच्याही आतला. वाटणीच्या आणि खरेदीखताच्या वेळी मात्र तो अंगाशी येतो. १ हेक्टर २० आर म्हणजे १२,००० चौरस मीटर, म्हणजे ११८.६ गुंठे, म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे. ‘आर म्हणजे गुंठा’ धरून १२० गुंठे, म्हणजे पूर्ण तीन एकर ठरवले, तर सुमारे १,५१३ चौरस फूट जमीन कागदाबाहेरची विकली जाते. शहराच्या वेशीवर तेवढ्या जागेत घर होतं आणि भावाभावांत दावाही होतो. याहून मोठी चूक दशांश चिन्हाची. जुन्या कागदावर १-२० असं एकर-गुंठ्यांत लिहिलं असेल तर ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. कोणी ते १.२० असं उतरवून घेतलं की वाचणारा एक दशांश दोन एकर समजतो आणि बारा गुंठे हवेत विरतात. तोच १.२० हेक्टरचा असेल तर जवळजवळ तीन एकर. एकच आकडा, तीन वाचनं. एकराचे चाळीस भाग होतात आणि हेक्टरचे शंभर, एवढंच कारण. यात मोबाईल काय करणार? तो विचारेल, एकर की हेक्टर, आणि नेमकं तेच तर माणसाला ठाऊक नसतं.

इथे मेट्रिकवादी म्हणतील, बघा, म्हणूनच गुंठा बंद करा. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. १९५६ चा वजन-मापांचा कायदा येईपर्यंत देशात एकाच नावाची कितीतरी वजनं चालत. घेणाऱ्याचा मण वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा, अशा व्यवस्थेत अडाणी माणूस नागवला जाई. दशमान पद्धतीने ती लूट बऱ्याच अंशी थांबवली, आणि तिचं ते ऋण मोठं आहे. पण एकक एक झालं की गुणोत्तर संपतं, हे खरं नाही. पॅरासिटामॉलचं सिरप एक १२५ मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर असं मिळतं, दुसरं २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर असं, आणि तान्ह्या बाळांचे थेंब १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे. डॉक्टरांनी १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम सांगितलं, तर पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि थेंबांच्या बाटलीतून दीड. सगळं मेट्रिक, सगळं छापील, आणि तरी ‘मागच्या वेळी सहा दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर दिलं तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. इन्सुलिनचंही तसंच. कुपी ४० युनिट प्रति मिलिलिटरची आहे की १०० ची, आणि सिरिंज कुठल्या कुपीसाठी आखलेली आहे, हे दोन्ही जुळलं पाहिजे. ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. तेवढंच १०० च्या कुपीतून काढलं तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात आणि रक्तातली साखर कोसळते.

शेतीतही एकक मेट्रिकच असतं आणि चूक गुणोत्तराची होते. शिफारस असते हेक्टरी १०० किलो नत्राची. नत्र म्हणजे युरिया नव्हे, युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून १०० भागिले ०.४६, हेक्टरी २१७ किलो युरिया. २.४७ ने भागलं की एकरी ८८ किलो. ४५ किलोच्या गोणीने भागलं की जवळजवळ दोन गोण्या. तीन साधी गुणोत्तरं, एकापुढे एक. पहिलं विसरलं तर पिकाला निम्म्याहून कमी नत्र मिळतं. दुसरं विसरलं तर एकरात पावणेपाच गोण्यांहून जास्त युरिया पडतो, पीक माजतं, लोळतं, किडीला बळी पडतं आणि पैसे मातीत जातात. कीटकनाशकाच्या लेबलवर ‘प्रति हेक्टर’ असतं आणि शेतकरी पंप मोजतो एकरावर. इथेही अडीचपटीचीच चूक होते, फक्त ती विषाची असते.

दुसऱ्या बाजूला ‘आपली मापं’ म्हणणारे. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, कारण माणूस ज्या मापात वाढतो त्यातच त्याला आकार दिसतो. शेतकऱ्याला दहा गुंठे म्हटलं की बांध दिसतो, हजार चौरस मीटर म्हटलं की काही दिसत नाही. पण परंपरेचा दावा तपासून घ्यावा. आजचा गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. ३३ फूट म्हणजे इंग्रज मोजणीदारांच्या ६६ फुटी गंटर साखळीचा बरोबर अर्धा. आजचा ११.६६ ग्रॅमचा तोळा म्हणजे कंपनी सरकारने १८३३ मध्ये ठरवलेले १८० ग्रेन. आणि सराफ्यात बोलीभाषेतला तोळा तर आता बहुधा दहा ग्रॅमचा असतो. आजीचे पाच तोळ्यांचे पाटल्या-बांगड्यांचे जोड जुन्या मापाने ५८.३ ग्रॅमचे, नव्या बोलीने ५० ग्रॅमचे. सव्वाआठ ग्रॅम सोन्याचा फरक निव्वळ नावात लपतो. जुनं माप जपायचं असेल तर त्याचं गुणोत्तरही सोबत जपावं लागेल. नुसतं नाव जपून फसवणूक तेवढी सोपी होते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले तेव्हा देशाने हा धडा एकदा गिरवला आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा देता येत नाही, म्हणून कोष्टकात एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असं पूर्णांकात बसवलं. आता एकेक आण्याच्या सोळा वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ९६ पैसे, आणि एकदम घेतल्या तर १००. लबाडी कोणाचीच नाही, फक्त पूर्णांक कधी करायचा याचा क्रम वेगळा. नियम असा: आधी मूळ एककात बेरीज, मग एकदाच रूपांतर, आणि पूर्णांक अगदी शेवटी. सातबाऱ्यावरच्या पाच हिश्शांचे वेगवेगळे गुंठे करून, प्रत्येक वेळी पूर्णांक धरून बेरीज केली, तर ती एकूण क्षेत्राशी जुळत नाही. मग मोजणीवर, शेजाऱ्यावर, तलाठ्यावर संशय घेतला जातो.

नागरिक म्हणूनही हे लागतं. पावसाळ्यात बातमी येते, धरणातून ३५,००० क्युसेकने विसर्ग. दुसरी बातमी, साठा इतके टीएमसी. ही दोन मापं एकमेकांत कशी बदलायची? क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे वेळ. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून ११,५७४ क्युसेक पूर्ण दिवसभर वाहिले की एक टीएमसी. ३५,००० म्हणजे दिवसाला तीन टीएमसी. एवढं एक गुणोत्तर ठाऊक असेल तर १०५.२५ टीएमसीच्या कोयनेबद्दल ‘दोन दिवसांत धरण रिकामं केलं’ असा आरोप ऐकला की तो तपासता येतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले तर दहा लाखांच्या शहराला, गळती सोडून, जवळपास सात महिन्यांचं पाणी. पाणीवाटपावरची भाषणं या एका भागाकाराने कितीतरी जास्त समजतील.

साध्या गुणोत्तराने सगळंच सुटतं असा माझा दावा नाही. तापमान सुटत नाही, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांची शून्यं वेगळी आहेत. गुणोत्तर फक्त फरकाला लागतं, एक अंश सेल्सिअस म्हणजे १.८ अंश फॅरनहाइट. पायलीतून किलोत जाताना धान्य कुठलं ते विचारावं लागतं, कारण पायली आकारमान मोजते आणि किलो वजन. ब्रासमध्ये वाळू घेणाऱ्याने तर हे लक्षात ठेवावंच. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच असा ट्रकचा हौद भरला तर १२० घनफूट, सव्वा ब्रासला थोडं कमी. पण किंचित ओलसर वाळू फुगते, कधी पाव हिश्शापर्यंत, आणि तेवढ्याच हौदात वाळू कमी बसते. कुठलं गुणोत्तर स्थिर आणि कुठलं मालावर अवलंबून, हा भेद ओळखणं हाच तर विषयाचा गाभा आहे. अशा ठिकाणी यंत्राला विचारलं तर ते एक आकडा देतं आणि माल ओला की कोरडा ते विचारत नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. डेका-हेक्टोची पाठांतरं काढा आणि त्या वेळात खताची गोणी, सिरपची बाटली, सातबारा आणि पाण्याचं बिल वर्गात आणा. शेतीच्या औषधाच्या लेबलवर हेक्टरी मात्रेशेजारी एकरी मात्राही छापा. सातबाऱ्याच्या तळाशी ‘१ आर = १०० चौ. मी. = ०.९८८ गुंठा’ ही ओळ असू द्या. सराफाने तोंडी काहीही म्हटलं तरी ग्राहकाने पावतीवर ग्रॅमच पाहावेत. आणि परीक्षेत गणकयंत्र खुशाल वापरू द्या, गुण मात्र मांडणीला द्या. वर सांगितलेल्या तीन बाटल्यांचीच माहिती देऊन विचारा, १५० मिलिग्रॅमसाठी प्रत्येकीतून किती? नुसतं ‘६’ लिहिलं तर गुण अर्धे. ‘१५० मिलिग्रॅम गुणिले ५ मिलिलिटर भागिले १२५ मिलिग्रॅम’ असं मांडून खाली ‘६ मिलिलिटर’ लिहिलं असेल, तर पूर्ण.